एलए काउंटी फायर डिपार्टमेंट: सतत येणारे प्रश्न आणि त्यांची जमेल तेवढी सरळ उत्तरं

मी लॉस एंजेलिस (एलए) काउंटीतल्या सेरिटोस शहरात राहते, म्हणजे आर्टेशियाच्या इंडियन दुकानांपासून गाडीने पाच मिनिटं. जानेवारी २०२५ च्या आगी लागल्या तेव्हापासून सांगलीचे, पुण्याचे आणि इथलेसुद्धा लोक मला तेच तेच प्रश्न पाठवतायत, त्यातही निम्मे प्रश्न "हे बंबवाले लोक कोणाचे?" याच एका मुद्द्यावर येऊन अडकतात. म्हणून सगळे इथे एका जागी लिहून ठेवले. पुढच्या वेळी फक्त प्रश्नाचा नंबर सांगेन.

१. एलए फायर आणि एलए काउंटी फायर एकच ना? बातम्यांमध्ये तर एकच वाटतात.

नाही, दोन पूर्ण वेगळी खाती आहेत. लॉस एंजेलिस शहराचं स्वतःचं फायर डिपार्टमेंट आहे, पगारी दल म्हणून ते १८८६ पासून चालू आहे. काउंटीचं वेगळं, त्याचा चीफ वेगळा, बजेट वेगळं, रेडिओ वेगळा. लॉस एंजेलिस काउंटीत एकूण ८८ शहरं आहेत आणि लॉस एंजेलिस हे त्यातलं फक्त एक, सगळ्यात मोठं आहे एवढंच. जानेवारी २०२५ मध्ये पॅलिसेड्सची आग मुख्यतः शहराच्या हद्दीत होती (मालिबूकडचा भाग काउंटीचा), आणि अल्टाडेनाची ईटन फायर मुख्यतः काउंटीच्या हद्दीत. आपल्या मराठी चॅनेलवर दोन्ही "हॉलीवूडची आग" झाल्या, तो भाग वेगळा. गाडी बघून ओळखायचं असेल तर दारावरचं नाव वाचा, लाल रंगावर जाऊ नका, लाल सगळ्यांचाच आहे.

२. काउंटी म्हणजे जिल्हाच ना? मग जिल्ह्याचं फायर ब्रिगेड ही काय भानगड?

हो, ढोबळमानाने जिल्हा. आपल्याकडे बंब महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा असतो, एमआयडीसीचा स्वतःचा असतो, आणि खेडेगावात गंजी पेटली की जवळच्या नगरपालिकेला फोन करून बंब मागवायचा आणि तो येईपर्यंत विहिरीच्या मोटरवर भागवायचं. इथे कॅलिफोर्नियात ज्या वस्तीला स्वतःची नगरपालिका नाही तिचं सगळं काउंटी बघते, रस्ते, पोलीस (म्हणजे शेरिफ) आणि आगही. अल्टाडेना तशीच वस्ती आहे. चांगली ४० हजारांच्या आसपास लोकसंख्या, पण महापौर नाही, नगरपालिका नाही. असं असताना ज्या शहरांना नगरपालिका आहे तिथेही काउंटीचाच बंब का येतो, ते प्रश्न ४ मध्ये.

३. सुरुवात कधी आणि कशी झाली?

झाडांपासून. गंमत नाही, खरंच. शंभरेक वर्षांपूर्वी काउंटीकडे वनखातं होतं, डोंगरातली झाडी सांभाळायची, रोपं लावायची, वणवा पेटला तर माणसं गोळा करून विझवायचा. डोंगर बोडके झाले की पावसात चिखलाचे लोंढे खालच्या संत्र्याच्या बागांवर आणि घरांवर यायचे, म्हणून झाडी राखणं हा इथे हौसेचा विषय नव्हता. १९२० च्या दशकात खालच्या सपाटीवर वस्त्या वाढायला लागल्या, तेव्हा राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन वस्तीवस्तीचे वेगळे फायर डिस्ट्रिक्ट पाडले गेले. प्रत्येक डिस्ट्रिक्टचा स्वतःचा कर, त्यातून स्वतःचं छोटं स्टेशन, आणि चालवणारं मात्र तेच वनखातं. पुढे हे तुकडे जोडून एक मोठा डिस्ट्रिक्ट केला आणि कागदोपत्री आजही खात्याचं नाव "कन्सॉलिडेटेड फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट" असंच आहे. चीफच्या पदाच्या नावातही अजून "फॉरेस्टर अँड फायर वॉर्डन" हे शेपूट आहे. खात्याच्या नर्सऱ्या पण अजून आहेत.

४. मग एवढं मोठं कसं झालं?

कॉन्ट्रॅक्टने. हा खरा मुद्दा आहे आणि याच्यावर जरा जास्त लिहिते कारण बाकीच्या निम्म्या प्रश्नांची किल्ली इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर माझ्या घराच्या पश्चिमेला शेतांच्या जागी लेकवूड नावाची वसाहत उभी राहिली, तीनेक वर्षांत १७ हजारांहून जास्त घरं, एकसारखी, रांगेत. शेजारचं लाँग बीच शहर तिला तुकड्या तुकड्याने गिळायला लागलं. लेकवूडच्या लोकांना लाँग बीचमध्ये जायचं नव्हतं, पण स्वतःचं शहर केलं तर पोलीस, फायर, रस्ते, सगळा खर्च डोक्यावर. मग १९५४ मध्ये त्यांनी शक्कल लढवली, शहर स्थापन केलं पण सेवा काउंटीकडूनच घेत राहिले. म्हणजे घर स्वतःचं, डबा मात्र बाहेरचा. याला लेकवूड प्लॅन म्हणतात आणि तो इतका चालला की पुढची दहा-पंधरा वर्षं या भागात शहरं स्थापन होण्याची लाटच आली. आमचं सेरिटोस त्यातलंच. १९५६ मध्ये स्थापन झालं तेव्हा नाव होतं डेअरी व्हॅली, कारण माणसांपेक्षा गाई जास्त होत्या. गोठ्यांना कशाला हवं स्वतःचं फायर डिपार्टमेंट? १९६७ मध्ये नाव बदललं, गाई गेल्या, बंगले आले, बंब काउंटीचाच राहिला.

दुसरी लाट उलट्या दिशेची. ज्या जुन्या शहरांची स्वतःची दलं होती त्यांना पगार, पेन्शन, नव्या गाड्या परवडेना, मग त्यांनी दल बंद करून काउंटीला बोलावलं. पोमोना, इंगलवूड, हॉथोर्न अशी आली, हर्मोसा बीच २०१७ च्या शेवटी आलं, व्हर्नन २०२० मध्ये. प्रत्येक वेळी गावात भांडण ठरलेलं, "आपलं स्टेशन, आपली माणसं" विरुद्ध "हिशेब बघा". बहुतेक वेळा हिशेब जिंकतो. आज ८८ पैकी साठेक शहरं, सोबत नगरपालिका नसलेल्या सगळ्या वस्त्या, मिळून ४० लाखांच्या आसपास लोक आणि पावणेदोनशेच्या घरात स्टेशनं. नकाशा काढला तर गोधडी दिसते, एक ठिगळ काउंटीचं, एक शहराचं, मध्येच एक तिसऱ्याचं.

५. माझ्या शहरात कोण येतं?

आपले लोक जिथे जास्त राहतात त्यातली सेरिटोस, आर्टेशिया, लेकवूड, डायमंड बार ही सगळी काउंटीची. टॉरन्स, लाँग बीच, पसाडेना, बरबँक, ग्लेनडेल, सँटा मोनिका यांची स्वतःची दलं आहेत. अर्व्हाइनवाले मंडळी, तुम्ही मुळात ऑरेंज काउंटीत आहात, तुमचा विषयच वेगळा (पण प्रश्न १५ मध्ये तुमच्या काउंटीचं एक शहर आहे). आणि ९११ लावताना यातलं काहीही माहीत असायची गरज नाही, पत्ता नीट सांगा, पुढचं ते बघतात.

६. पैसे कुठून येतात? माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून?

हो, मुख्यतः तिथूनच. डिस्ट्रिक्टमधल्या घरांच्या प्रॉपर्टी टॅक्समधला ठरलेला वाटा थेट खात्याकडे जातो, काउंटीच्या मोठ्या पिशवीत पडत नाही. काही शहरं मात्र डिस्ट्रिक्टमध्ये नाहीत, ती आपल्या तिजोरीतून वर्षाला बिल भरतात. यात १९७८ चा प्रपोझिशन १३, म्हणजे लोकांनी मतदानाने केलेला राज्याचा कायदा, आडवा येतो. मूळ टॅक्स १ टक्क्यावर बांधला गेला आणि घर विकलं जात नाही तोवर करासाठी धरलेली किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. फायर इंजिनच्या किमती काही २ टक्क्यांनी वाढत नाहीत. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेझर ई हा जादा कराचा प्रस्ताव मतदानाला आला, बांधकामाच्या दर चौरस फुटाला ६ सेंट जादा, आणि तो पास झाला. २,००० फुटांचं घर असेल तर वर्षाला १२० डॉलर. ज्यांनी मला "बिलात ही नवी ओळ कसली" म्हणून फोटो पाठवले त्यांनी एकदा ती ओळ या ६ सेंटशी ताडून बघा.

७. सासऱ्यांना चक्कर आली म्हणून ९११ लावलं तर आगीचा बंब का आला?

हा प्रश्न मला सगळ्यात आधी माझ्या सासऱ्यांनीच विचारला होता, जमिनीवर आडवं पडल्या पडल्या: "आग कुठं लागलीय गं?"

सांगलीहून येऊन त्यांना चारच दिवस झाले होते. बाथरूममधून बाहेर येताना तोल गेला. काही मिनिटांत दाराशी भलंमोठं इंजिन, त्याच्यामागे एक लाल पिकअपसारखी गाडी. त्या पिकअपला इथे स्क्वॉड म्हणतात, त्यात दोन पॅरामेडिक असतात आणि औषधं, मॉनिटर, ऑक्सिजन सगळं असतं, फक्त पेशंटला झोपवून न्यायची सोय नसते. त्यांनी सोफ्याशेजारीच ईसीजी काढला. मग विचारलं गोळ्या कुठल्या चालू आहेत. सासूबाईंनी स्टीलचा डबा आणून डायनिंग टेबलावर उपडा केला, सगळ्या पट्ट्या आपल्याकडच्या ब्रँडच्या, त्या पोराला एकही नाव ओळखेना, शेवटी तो एकेक पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचत बसला आणि मी टॉर्च धरून उभी. (आता त्या डब्यात मूळ नावांची चिठ्ठी ठेवलीय, तुम्ही पण ठेवा.)

तर उत्तर: इंजिन येतं कारण ते सगळ्यात जवळ असतं, त्यावरच्या लोकांना प्रथमोपचार येतात आणि माणूस उचलायला चार हात जास्त लागतात. हॉस्पिटलला नेतं ते काउंटीच्या कॉन्ट्रॅक्टवरचं खाजगी अँब्युलन्स, आणि बिलही त्याचंच येतं. लॉस एंजेलिस शहरात उलटं आहे, तिथे फायरचं स्वतःचं अँब्युलन्स असतं. महाराष्ट्रातल्या १०८ चा फायर ब्रिगेडशी काही संबंध नाही, त्यामुळे आपल्याला हे सगळं विचित्र वाटतं.

८. पॅरामेडिक ही कल्पना याच खात्यातून निघाली असं ऐकलं, खरं का?

अर्धं खरं. बेलफास्टमध्ये डॉ. पँट्रिज यांनी १९६६ मध्येच हार्ट अटॅकवाल्यांसाठी फिरती गाडी काढली होती, आणि पिट्सबर्गमध्ये १९६७ पासून फ्रीडम हाऊस नावाच्या संस्थेतली कृष्णवर्णीय मुलं शिकून हेच काम करत होती. त्यांचं नाव फार उशिरा घेतलं गेलं. एलए काउंटीचं श्रेय वेगळं आहे. १९६९ मध्ये हार्बर जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. मायकेल क्रायली यांनी फायरमनना ट्रेनिंग द्यायला घेतलं, पण कायद्याने डॉक्टर-नर्सशिवाय दुसऱ्याने सलाइन लावायचं नाही, म्हणून सुरुवातीला गाडीत एक नर्स बसवायला लागायची. मग काउंटीचे सुपरवायझर (म्हणजे काउंटीच्या कारभारी मंडळाचे निवडून आलेले सदस्य) केनेथ हान यांनी जोर लावला आणि १९७० मध्ये पॅरामेडिकना हे काम करू देणारा वेडवर्थ-टाउन्सेंड कायदा झाला. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. रेगनच्या वडिलांना म्हणे हद्दीच्या भांडणात अँब्युलन्स मिळालं नव्हतं म्हणून त्यांनी सही केली, असा किस्सा सांगतात. किस्सा म्हणूनच घ्या.

नंतर १९७२ मध्ये "इमर्जन्सी!" ही टीव्ही मालिका आली, याच खात्यावर, स्टेशन नंबर ५१. घराघरात लोकांना कळलं की असं काही असतं, आणि मग आपल्या गावात का नाही असं लोक विचारायला लागले. त्या ५१ नंबरची पुढची गोष्ट प्रश्न १५ मध्ये.

९. समुद्रावरचे लाइफगार्ड पण फायरचेच?

हो, १९९४ पासून. आधी ते बीचेस खात्यात होते. बेवॉच मालिकेतले लाइफगार्ड एलए काउंटीचेच दाखवलेत, आणि खात्याच्या रेस्क्यू बोटींचं नाव खरोखरच बेवॉच आहे.

१०. आगीवर पाणी टाकणारी ती पिवळी-लाल विमानं कॅनडाची कशी?

ती सुपर स्कूपर, क्विबेक सरकारकडून भाड्याने घेतात, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी. क्विबेकमधला वणव्याचा सीझन संपतो तेव्हा इथला सँटा आना (डोंगराकडून येणाऱ्या कोरड्या, जोरदार) वाऱ्यांचा सीझन चालू होतो, त्यामुळे दोघांचंही भागतं, जसा ऊसतोडीचा सीझन संपला की तोच ट्रॅक्टर दुसरीकडे लागतो. पाण्यावरून सरपटत जाऊन बाराएक सेकंदात ६ हजार लिटरच्या आसपास पाणी भरतं. ९ जानेवारी २०२५ ला पॅलिसेड्सवर कोणाचा तरी हौशी ड्रोन यातल्याच एका विमानाच्या पंखात घुसला, भोक पडलं, ऐन आगीत विमान जमिनीवर बसलं. ड्रोनवाल्याने नंतर गुन्हा कबूल केला. आपल्या पोरांच्या हातात ड्रोन असेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

११. आग विझवायला कैदी पाठवतात हे खरं?

खरं आहे. कॅलिफोर्नियाच्या तुरुंग खात्याबरोबर मिळून डोंगरात कॅम्प चालवले जातात आणि कैद्यांच्या टोळ्या हत्यारांनी झाडी कापून मोकळे पट्टे काढतात, आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं तसंच, फक्त खड्या चढावर आणि धुरात. मालिबूत महिलांचा कॅम्पही होता. जानेवारी २०२५ मध्ये मजुरी दिवसाला साधारण ६ ते १० डॉलर होती, आग चालू असेल तर वर तासाला एखादा डॉलर. स्वेच्छेने येतात, जेवण आणि मोकळी हवा बरी मिळते, शिक्षेत सूट मिळते, हे सगळं खरं. तरी एवढ्या पैशात एवढं काम, मला पटत नाही. सुटल्यावर रेकॉर्ड पुसून घेण्याची सोय करणारा कायदासुद्धा २०२० मध्ये, एवढ्या उशिरा झाला.

१२. २००९ ची "स्टेशन फायर" म्हणजे फायर स्टेशनलाच आग लागली होती का?

नाही. आगीला जवळच्या खुणेवरून नाव देतात, ही डोंगरातल्या एका रेंजर स्टेशनजवळ लागली होती. २६ ऑगस्टला, आणि लावली गेली होती. १ लाख ६० हजार एकर जळालं, काउंटीच्या आधुनिक इतिहासातली सगळ्यात मोठी. माउंट ग्लिसनवरच्या कैद्यांच्या कॅम्पला (प्रश्न ११) आगीने वेढलं तेव्हा खात्याचे दोन जण सुटायची वाट शोधायला गाडी घेऊन निघाले आणि गाडी दरीत गेली. दोघेही गेले, कॅम्पमधली माणसं वाचली.

१३. माझा भाऊ तहसील ऑफिसात आहे, त्यांना आपत्तीच्या ट्रेनिंगमध्ये जे "इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीम" शिकवलं ते अमेरिकेचं आहे का?

हो, आणि त्यात या खात्याचा थेट हात आहे! १९७० च्या शरद ऋतूत दक्षिण कॅलिफोर्नियात १३ दिवस आगी चालल्या, १६ माणसं गेली, ७०० च्या वर घरं-इमारती गेल्या. माणसं आणि गाड्या होत्या पण प्रत्येकाचा रेडिओ वेगळा, हुद्द्यांची नावं वेगळी, कोणी कोणाचं ऐकायचं ते ठरलेलं नाही. मग फेडरल वनखातं, राज्य, एलए शहर, एलए काउंटी, व्हेंच्युरा, सँटा बार्बरा असे सगळे एकत्र बसले आणि एक कमांडची पद्धत बांधली, एका घटनेला एकच प्रमुख, खाली ऑपरेशन, प्लॅनिंग, लॉजिस्टिक्स असे कप्पे, आणि कप्प्यांची नावं सगळीकडे तीच. तीच पद्धत आपल्या एनडीएमएने (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने) भारताच्या महसूल यंत्रणेला बसेल अशी करून २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे पुरात तुमच्या भावाला जो तक्ता भरायला लागतो त्याचे आजोबा इथल्या डोंगरातले.

१४. अल्टाडेनात हायड्रंट कोरडे का पडले? आणि लोकांना उशिरा का कळवलं?

दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक एकत्र विचारतात.

पाण्याचं: हायड्रंट (बंबाला पाणी घ्यायचे रस्त्यावरचे नळ) काउंटी फायरचे नसतात, पाणी कंपनीचे असतात. अल्टाडेनाला पाणी मुख्यतः छोट्या, सभासदांच्या मालकीच्या कंपन्या देतात, आपल्या पाणीपुरवठा सोसायट्यांसारख्या. एका वेळी काही घरांना आग लागली तर पुरेल असा हिशेब करून त्या पाइपलाइन टाकलेल्या असतात. ७ जानेवारीच्या रात्री हजारो घरं एकदम पेटली, फुटलेल्या नळांतून पाणी वाहत राहिलं, आणि वाऱ्यामुळे विमानं-हेलिकॉप्टर उडवता येईनात. त्यात प्रेशर टिकणं शक्यच नव्हतं.

कळवण्याचं: इथे मी खात्याची बाजू घेणार नाही. पूर्वेकडच्या भागाला संध्याकाळीच बाहेर पडायचा आदेश गेला, लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेकडच्या भागाला पहाटे तीनच्या पुढे, आणि मेलेल्यांपैकी जवळजवळ सगळे त्या पश्चिम भागातले, बरेचसे म्हातारे. आदेश काढायचं काम फायर, शेरिफ आणि आपत्ती खातं अशा तिघांत वाटलेलं. प्रश्न १३ मधली पद्धत जिथे जन्मली तिथेच असं व्हावं. एकूण ९ हजारांवर इमारती गेल्या.

१५. हद्दीचे काही विचित्र अपवाद आहेत का? आणि माझ्याकडे दुसऱ्याच नावाचा बंब आला तर?

दुसऱ्या नावाचा बंब आला तर खुशाल घरात घ्या. १९५० पासून राज्यभर एकमेकांना मदतीचा करार आहे, मोठ्या आगीत पाच पाच इंजिनांची तुकडी करून पाठवतात. ३१ ऑगस्ट १९८६ ला आमच्या सेरिटोसवर एरोमेक्सिकोचं विमान आणि एक छोटं विमान धडकून पडलं, ८२ जण गेले, त्यातले १५ खाली घरात असलेले. त्या दिवशीही आजूबाजूच्या शहरांचे बंब आले होते. स्मारक इथल्या बागेत आहे.

अपवादांत पहिलं ला हाब्रा. शहर ऑरेंज काउंटीतलं, पण कॉन्ट्रॅक्ट एलए काउंटी फायरशी. दुसरं, डोंगरातली बरीच जमीन नॅशनल फॉरेस्टची, म्हणजे फेडरल, तिथे पहिला हक्क फॉरेस्ट सर्व्हिसचा. ज्या मोकळ्या जमिनी राज्याच्या जबाबदारीच्या आहेत त्या मात्र इथे राज्याचं कॅल फायर बघत नाही, राज्य पैसे देतं आणि काउंटी बघते, असं राज्यातल्या सहाच काउंट्यांत आहे.

आणि सगळ्यात मजेशीर युनिव्हर्सल स्टुडिओ. आजूबाजूला सगळं लॉस एंजेलिस शहर, पण स्टुडिओचा बराचसा भाग नगरपालिका नसलेला (प्रश्न २), म्हणून तिथे काउंटी. १ जून २००८ ला तिथे मोठी आग लागली, किंग काँगचा खेळ जळाला, गाण्यांच्या मूळ टेपांचं गोदाम जळालं, ती विझवण्याची मुख्य जबाबदारी काउंटीची. "इमर्जन्सी!" युनिव्हर्सलचीच मालिका, त्यातलं स्टेशन ५१ म्हणून दिसतं ते खरं कार्सनमधलं १२७ नंबरचं. मालिका संपल्यावर बऱ्याच वर्षांनी खात्याने युनिव्हर्सलजवळच्या आपल्या खऱ्या स्टेशनचा नंबर बदलून ५१ केला. तिथून आज जे इंजिन निघतं त्याच्या दारावर ५१ लिहिलेलं असतं, आणि टुरिस्ट त्याचे फोटो काढतात सेट समजून.